कानबाईच्या पाटावरची वाळू

रिगवरून
रविवार, २० जुलै २०२५
दुपारी ४ वाजून १० मिनिटे

प्रिय हर्षदाताई,
साष्टांग नमस्कार.

आत्ता मी शेकरजवळच्या लोखंडी पायरीवर बसलो आहे. नुकताच एक नमुना धुऊन कापडी पिशवीत भरला आणि पिशवीवर खोली लिहिली. पुढचा नमुना यायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात हे पत्र.

माझा मोबाईल हजीऱ्याला किनाऱ्यावरच्या बेसवरच जमा आहे हे तुला भूपेंद्र भाऊजींनी सांगितलं असेलच. ही विहीर गुप्त आहे. खाली काय सापडतं ते दुसऱ्या कंपन्यांना कळू नये म्हणून आम्हा सगळ्यांचे फोन काढून घेतले. पत्र चालतं, पण पाकीट उघडं द्यायचं. बोटीवरचा रक्षक वरवर नजर टाकतो. भाऊजी बेसवरच कामाला, म्हणून ते जेट्टीवर त्यांच्याच हाती पडेल.

माझं काम विचारलं होतंस. समुद्राच्या तळाला भोक पाडत बिट, म्हणजे पाइपाच्या टोकाचं दातेरी पोलाद, खाली चाललं आहे. पाइपातून वरून पातळ चिखल सोडतात. तो तळाशी जाऊन दगडाचा चुरा घेऊन बाहेरच्या बाजूने वर येतो. वर आला की शेकर नावाच्या हलत्या चाळणीवर पडतो. चिखल खाली गळतो, चुरा चाळणीवर राहतो. तो मी उचलतो, धुतो, पिशवीत भरतो आणि सुषमा मॅडमच्या टेबलावर ठेवतो. मॅडम भूवैज्ञानिक आहेत, नागपूरच्या. त्या सूक्ष्मदर्शकातून बघून सांगतात खाली कोणता दगड आहे.

यात एक गंमत आहे, ताई. चुरा वर यायला दीड तास लागतो. म्हणजे मी आत्ता जो धुतला तो दगड अडीच वाजता फुटलेला. खाली बिट भलत्याच दगडात असतं आणि आम्ही वर जुनाच दगड बघत बसतो. मला पहिले दोन दिवस झोप लागली नाही या विचाराने. चुकीची खोली लिहिली तर?

आम्ही वाळूच्या दगडाच्या शोधात आहोत. मॅडम म्हणाल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी नदीने आणून टाकलेली वाळू आहे ती, दबून दबून दगड झालेली. तिच्या दाण्यांमध्ये गॅस असेल तर असेल. नसेल तर विहीर बंद, रिग दुसऱ्या किनाऱ्यावर, आणि आम्ही कंत्राटी पोरं घरी. गॅस मिळाला तर जवळच अजून दोन विहिरी. मॅडम म्हणाल्या, "तसं झालं तर नमुन्याला मी तुलाच मागून घेईन. तुझी लेबलं वाचता येतात."

ताई, नववीनंतर मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मला पलसाण्याच्या मिलमध्ये परत जायचं नाही.

श्रावणातली कानबाई देवी यंदा आपल्या घरी आहे ना? मी नसणार. आईला समजाव.

तुझा,
लखन

---

डिंडोली, सुरत
२४ जुलै

लखन भाऊ,

तुझं पत्र भूपेंद्रने डब्याच्या पिशवीत घालून आणलं, तर त्यावर लोणच्याचा डाग. तुला बघवला नसता. मी आईला सगळं वाचून दाखवलं. तिला फक्त एवढंच समजलं की तू चिखल धुतोस. म्हणाली, "मना पोऱ्या दर्यामा शे आन् चिखल धुस? मंग घर काय वाईट व्हतं?"

आता ऐक. मिलच्या शेठचा बाबांना रोज एकच प्रश्न: "लखन पाछो आवशे के नहि?" तुझं कापड रंगवायचं जेट मशीन त्याने रिकामं ठेवलंय, पण पंधरा ऑगस्टपर्यंतच. मग बिहारचा एक मुलगा तयार आहे. बाबा बिचारे शेठसमोर हात जोडून उभे राहतात आणि घरी येऊन काही बोलत नाहीत. त्यामुळे तू लवकर कळव. विहिरीत गॅस आहे की नाही ते तुला कधी कळणार? की ते पण दीड तासाने?

हो, कानबाई आपल्याकडे आहे. मी श्रावणभर माहेरीच राहणार. टिकल्या चिकटवायच्या साड्यांचा गठ्ठा इकडेच आणलाय. सगळ्या घरात गोंद आणि चमचम. आईने रोटाचे, देवीच्या नैवेद्याचे, गहू निवडायला घेतले. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ घ्यायची, तर ती विचारत होती, तू नाहीस मग तुझी मूठ घ्यायची का? मी म्हटलं, घे. समुद्रात असला म्हणून काय पुरुष नाही का?

भटू इथेच बसलाय. तो आपला चुलतभाऊ कमी आणि वार्ताहर जास्त. म्हणतो, "लखनदादाला विचार, गॅस लागला तर आपल्या गल्लीला सिलिंडर फुकट का?"

पोटभर जेव.
हर्षदा

---

रिगवरून
रविवार, २७ जुलै, सकाळी ९

प्रिय ताई,

बोट दुपारी निघणार आहे म्हणून घाईत. तरी अक्षर सांभाळून काढतो.

काल, शनिवारी, इथे कुणी जेवलं नाही. काय झालं ते सगळं लिहिता येत नाही. जेवढं लिहिता येतं तेवढं लिहितो.

चार दिवस बिट मुंगीच्या पावलाने चाललं होतं. कठीण दगड. ड्रिलर धम्मरत्नदादा (आपल्या उधन्याचेच आहेत, वडील रेल्वेत होते) तर म्हणत होते, "लखन, या वेगाने तुझं लग्न व्हायचं राहील." आणि काल सकाळी सव्वाअकराला बिट एकदम पळायला लागलं. मऊ भाकरीत बोट जावं तसं. दादांनी लगेच ब्रेक लावला, बिट थोडं उचललं, पंप बंद केले. एवढी मोठी रिग, सतत घरघरणारी, एकदम शांत. सगळ्यांच्या नजरा चिखल परत येतो त्या नळाकडे. पंप बंद असताना चिखल आपोआप वर येत राहिला तर खालून काहीतरी ढकलतं आहे, म्हणजे धोका. चिखल थांबला. दादांनी अंगठा दाखवला.

मग पंप सुरू आणि दीड तास थांबायचं. ताई, तो दीड तास! खाली काय आहे ते फुटून निघालं आहे, वर येतं आहे, पाइपाच्या बाजूने चढतं आहे, आणि आपण फक्त चाळणीकडे बघायचं. मॅडम आपल्या केबिनमधून बाहेर येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. एरवी त्या येत नाहीत.

"घाबरलास?"

"नाही मॅडम."

"मी घाबरलेय," त्या म्हणाल्या.

आणि मग आलं. काय आलं ते लिहीत नाही.

पाकिटात आईसाठी एक छोटी पुडी आहे, देवीचा अंगारा समज. कानबाईच्या पाटावर ठेवायची. आईला सांग, मी तीन पाण्यांनी धुतलंय.

पंधरा ऑगस्टचं अजून काही सांगू शकत नाही. पण ताई, मी काल हसत होतो, एकटाच.

लखन

---

डिंडोली
मंगळवार, ५ ऑगस्ट

अरे लखन,

कानबाई काय झाली म्हणून सांगू! तू असायला हवा होतास.

रविवारी चौरंगावर बसवली. नारळाला डोळे काढले, नथ घातली, आईने स्वतःची पोत काढून घातली. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. गल्ली तर सोड, पार नवागामपासून बायका आल्या. गाणी म्हणून म्हणून शेजारच्या कलाबाईचा आवाज बसला, तरी ती हाताने ताल धरून ओठ हलवत होती. सोमवारी वाजत गाजत तापीवर. भटू डफावर नाचता नाचता चपला हरवून आला. पाणी इतकं होतं की पोलीस आत जाऊ देत नव्हते. चौरंग बुडवून त्यावर तापीची वाळू घेतली आणि घरी आणली, दरवर्षीसारखी.

आता तुझा अंगारा. आधी मला सांग, हा कुठल्या देवीचा रे? धुतलेला अंगारा मी जन्मात पहिल्यांदा बघितला. आणि किरकिरीत! आईने पुडी पाटावर ठेवली होती. बायकांना सांगत होती, "मना पोऱ्यानी समुद्रदेवीना अंगारा धाडा." मग काय, सगळ्यांना पाहिजे. आईने चिमूट चिमूट कपाळाला लावला, पोरांच्या जिभेवर ठेवला. भूपेंद्रने खाल्ला आणि अर्धा तास दात चोळत बसला. उरलेला तिने तापीच्या वाळूत मिसळून घराच्या चारी कोपऱ्यांत टाकला, आणि थोडा गव्हाच्या डब्यात.

पुडीवर तू चार आकडे लिहिले होतेस ना, त्यावर केवढी चर्चा! कलाबाई म्हणे देवीच्या मंदिराच्या पायऱ्या असतील. भटूने पुडीचा फोटो काढून स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, "दर्यातल्या देवीचा अंगारा, लखनदादाच्या रिगवरून." दोनशे जणांनी बघितला.

आणि एक काम मी करून टाकलं. तुझं मागचं पत्र वाचून मला सगळं समजलं. तू नाही लिहिलंस तरी बहिणीला कळतं. शेठचा फोन आला तेव्हा बाबा अंघोळीला होते. मी सांगितलं, "लखन हवे नहि आवे. एने दरियामां नोकरी मळी गई." शेठ म्हणाला, "सारुं, बेन." झालं! आता मागे बघू नकोस.

पण भूपेंद्र काल बेसवरून आला तो पुडी हातात घेऊन बसला. आकडे कसले, असं दोनदा विचारलं. काय प्रकार आहे?

हर्षदा

---

रिगवरून
गुरुवार, ७ ऑगस्ट, दुपारी २

ताई,

तुझं पत्र आणि एक नोटीस एकाच बोटीने आली. नोटीस जेवणघराच्या दारावर लावली आहे: कुणी नमुना किंवा माहिती बाहेर पाठवली असेल तर कंपनीला कळवावं, नाहीतर कंत्राट रद्द.

तो अंगारा नव्हता. तुला आतापर्यंत कळलंच असेल. रक्षकाने पुडी उघडू नये म्हणून तसं लिहिलं. त्याने खरंच कपाळाला लावून परत पाकिटात ठेवली.

मी पिशवीतल्या नमुन्याला हात लावला नाही, शपथ. शेकरखाली सांडलेला ढीग असतो, फेकून द्यायचाच. त्यातली चिमूटभर उचलली. मला वाटलं, तापीची वाळू आपण दरवर्षी आणतो, तर ही जुन्या तापीची. आपली कानबाई या वाळूवर बसायला पाहिजे. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. आणि पुडी बांधली की हात आपोआप पेन शोधतो. रोज चाळीस पिशव्यांवर लिहितो, एकेचाळिसावीवर पण लिहिलं.

त्या आकड्यांचा अर्थ भाऊजींना विचार. तो बाहेर जायलाच नको होता.

भटूला सांग, स्टेटस काढ. जेवढा सापडेल तेवढा अंगारा, म्हणजे वाळू, गोळा करून ठेव. गव्हाचा डबा चाळ. कोपरे झाड. आणि शेठला परत फोन करता येईल का? मी हे कसं लिहितो आहे मलाच कळत नाही. काल तर मी गाणं म्हणत होतो.

लखन

---

डिंडोली
शनिवार, ९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

लखन,

आधी राखी बांध, मग वाच. मी गाठ सैल ठेवलीय, एका हाताने बांधता येईल.

आता शांत हो. भटूचं स्टेटस चोवीस तासांत आपोआप गेलं. पण बेसवरच्या कुणीतरी त्याचा फोटो काढून ठेवला होता, म्हणून ही नोटीस. भूपेंद्रला बेसच्या साहेबांनी विचारलं, "हा भटू तुमचा कोण?" भूपेंद्र म्हणाला, "सासरचा." साहेब म्हणाले, "मग तुमचा मेहुणा कोणता?" आता तुझं नाव त्यांना माहीत आहे. भूपेंद्रला मी खूप बोलले, पण तो म्हणतो, खोटं बोललो असतो तर लखनची आणि माझी, दोघांची नोकरी गेली असती. बरोबरच आहे त्याचं.

भटू तीन दिवस तोंड लपवून फिरतोय. काल आला आणि म्हणाला, "ताई, मी खरंच समजलो होतो देवीचा नंबर आहे." मी म्हटलं, देवीला नंबर कशाला रे, तिला काय रांगेत उभं राहायचंय?

वाळू गोळा करायचं ऐक. मी झाडू उचलला तर आईने हातातून ओढून घेतला. "कानबाईनी वाळू झाडतस का कोनी? लक्ष्मी झाडीसन बाहेर टाकशी?" मी सांगितलं, आई, लखनची नोकरी जाईल. ती झाडू मांडीखाली दाबून बसली. मग स्वतः उठली, चारी कोपऱ्यांतून बोटांनी चिमटा चिमटा उचलली, झाडू न लावता. गव्हाच्या डब्यातली मात्र दिली नाही. म्हणाली, ती राहू दे, ती आता गहू झाली.

ती या पाकिटात आहे, राखीबरोबर. त्यात हळद आहे, गव्हाचा कोंडा आहे, माझ्या साड्यांच्या टिकल्या पण आहेत, निवडत बसले नाही. पाकिटावर मी स्पष्ट लिहिलंय, "वाळू." आता कुठलाही अंगारा नको.

शेठचं मशीन गेलं. बिहारचा मुलगा कालपासून लागला. म्हणजे आता तुला तिथेच टिकायचंय. मी बोलून बसले, माझीही चूक. पण ऐक, तुला शोधत कुणी यायच्या आधी तू जा. मॅडमला सांग. त्या घाबरल्या होत्या तेव्हा त्यांनी तुला सांगितलं होतं ना?

आई विचारते, "कवय येशी रे?"

हर्षदा

---

रिगवरून
बुधवार, १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६

प्रिय ताई,

राखी बांधली. धम्मरत्नदादांनी गाठ आवळून दिली.

सांगितलं.

काल दुपारी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. पाकीट टेबलावर ठेवलं आणि एका दमात सगळं म्हटलं: ढीग, पुडी, अंगारा, कानबाई, स्टेटस. त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी विचारलं, "कुठून उचललीस?"

"शेकरखालच्या ढिगातून."

"आणि आकडा लिहिलास?"

"हो मॅडम."

त्या उठल्याच. "अरे, ढिगात काल-परवाचं सगळं पडलेलं असतं. वरून ढासळलेलं, चिखलातलं, सगळं मिसळलेलं. ती वाळू कुठल्याच खोलीची नाही. नेलीस ते नेलीस, लखन, पण लेबल खोटं लावलंस! तू?"

ताई, बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं. हे 'तू' मला लागलं. मी खाली बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, ते टिपायला हात उचलला तर राखी दिसली.

मग त्यांनी तू पाठवलेलं पाकीट उघडलं, काचेवर थोडं पसरलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. बराच वेळ बघत बसल्या आणि हसायला लागल्या. "हे काय चमकतंय?" मी सांगितलं, ताईच्या साड्यांच्या टिकल्या. "आणि हे पिवळं?" हळद, मॅडम. त्यांनी मला बाजूला बोलावलं. "बघ."

मी महिनाभर नमुने धुतोय, पण त्या काचेतून पहिल्यांदा बघितलं. काळे, करडे, टोकदार दाणे पुष्कळ. "ही तुझी आजची तापी," मॅडम म्हणाल्या. "काळ्या दगडाच्या डोंगरांतून येते म्हणून काळी." आणि त्यांच्यामध्ये काही दाणे पांढरे, काचेसारखे, गोल. दिवा लावल्यासारखे. "हे खालचे. हे काळ्या डोंगरातून आले नाहीत. दुसरीकडच्या डोंगरातले आहेत. दुसरी नदी होती."

"म्हणजे तापी नव्हती?"

"तेव्हा तिला नाव द्यायला कुणी नव्हतं."

मी म्हटलं, आईला वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "का? नदीच आहे ना?"

मग त्यांनी चिमट्याने पांढरे दाणे वेचून वेगळ्या बाटलीत टाकले, कंपनीचे म्हणून. हळद, टिकल्या, कोंडा आणि तापी मला परत दिली. बाटलीला लेबल मी लिहिलं. त्यांनीच सांगितलं तसं: "खोली अज्ञात."

त्यांनी बेसला खरं काय ते कळवलं. कंत्राटदाराने तीन दिवसांचा पगार कापला. ठेवायचं की काढायचं ते चाचणीनंतर. मॅडम म्हणाल्या, "विहीर कोरडी निघाली तर ठरवायलाच काही उरणार नाही."

माझी पाळी परवा संपली, पण चाचणी होईपर्यंत कुणालाच खाली उतरवत नाहीत. वाळूच्या थरापर्यंत लोखंडी नळी बसवून झाली. आता नळीला खाली भोकं पाडायची आणि बघायचं, काही वर येतं का. मला बघायला मिळणार, ताई! काढलं तरी त्याच्या आधी बघायला मिळणार.

तुझी चूक नाही. तू शेठला नाही म्हटलंस ते मला जमलं नसतं.

लखन

---

डिंडोली
१९ ऑगस्ट

लखन,

आईला सांगितलं, ती तापी नव्हती, दुसरी नदी होती. ती भाकरी थापत होती. थांबली पण नाही. "नदी ती नदी. तिले काय नाव इचारतस?" तुझी मॅडम आणि आपली आई एकाच शाळेत होत्या वाटतं.

बाबा मात्र बदललेत. रोज कामावरून आल्यावर गच्चीवर जाऊन पश्चिमेला बघतात. मी सांगितलं, बाबा, इथून दिसणार नाही, लांब आहे. म्हणतात, माहीत आहे. तरी बघतात. काल मला विचारलं, "दीड तास का लागतो म्हटलं होतं त्याने?" मी तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचून दाखवलं, लोणच्याच्या डागासकट. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मिलमध्ये पण असंच. रंग घातला की लगेच कळत नाही कापडाला चढला का. थांबावं लागतं." मी शेठला परस्पर नाही म्हटलं म्हणून रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत.

भटूने रिगच्या नावाने नारळ फोडला. पैसे तुझ्या नावावर लिहिलेत.

कळव. उशीर झाला तरी कळव.
हर्षदा

---

रिगवरून
गुरुवार, २८ ऑगस्ट, सकाळी ७

ताई! ताई!

आता सगळं लिहितो. कंपनीने काल वर्तमानपत्रांना कळवलं, मॅडम म्हणाल्या, "लिही, आता हरकत नाही."

सोमवारी संध्याकाळी. रिगच्या कडेला एक लांब लोखंडी हात समुद्रावर काढलेला आहे, त्याच्या टोकाला मशाल. वर काही आलं तर तिथे जाळायचं. आम्हा कंत्राटी पोरांना लांब उभं केलं. भोकं पाडली, झडप उघडली. आधी काहीच नाही. मग पाणी, मग चिखल, थुंकल्यासारखा. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कुणीतरी मागून म्हणालं, "कोरडी आहे रे." मला जेट मशीनचा वास आला, खरंच, गरम रंगाचा वास, इथे समुद्रावर.

मॅडम कठड्याला धरून उभ्या होत्या. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

"घाबरलास?"

"हो मॅडम."

"चल, बरं झालं."

आणि पाइप शिट्टी वाजवायला लागला. बारीक, मग मोठी, मग पायाखालचं लोखंड थरथरलं, आणि त्या हाताच्या टोकाला भक्कन ज्वाळा! ताई, दोन मजली घराएवढी. तोंडावर धग आली. पाणी पार लांबपर्यंत केशरी. लोक ओरडत होते, गुजराती, हिंदी, मल्याळी, काय वाटेल ते. धम्मरत्नदादांनी मला उचललं. आणि केवढ्या मोठ्याने म्हणाले, "ताईला कळव, अंगारा पावला!" सगळ्या रिगला ती गोष्ट माहीत आहे आता. रक्षक तर मला बघून कपाळ पुसतो.

ज्वाळा रात्रभर जळली. कमी झाली नाही. मॅडम म्हणतात, तेच महत्त्वाचं, पेटणं सोपं, टिकणं अवघड. थर चांगला आहे. दोन विहिरी मंजूर.

काल त्यांनी मला बोलावलं. पुढच्या विहिरीच्या माणसांच्या यादीवर सही करत होत्या. म्हणाल्या, "बेसचे साहेब तुझं नाव खोडा म्हणाले."

मी उलट्या बाजूनेच यादीत माझं नाव शोधायला लागलो.

"मी त्यांना विचारलं, एवढ्या सगळ्या पिशव्यांमधली एक चुकीची दाखवा. तपासायला माणूस पाठवला होता त्यांनी, दोन दिवस. चुकीची सापडली ती एकच. ती पिशवी नव्हतीच, पुडी होती." आणि यादी माझ्यासमोर सरकवली. माझं नाव होतं, न खोडलेलं. "ढिगाजवळ दिसलास तर मात्र हेलिकॉप्टरची वाट बघणार नाही, असाच पाण्यात टाकीन."

वाळू लागली तीन हजार नऊशे पंधरा मीटरवर. कलाबाईला सांग, पायऱ्याच आहेत, पण खाली जायच्या.

शनिवारी उतरतो. बाबांना म्हण, गच्चीवर नको, जेट्टीवर या. भाऊजी आत सोडतील.

आणि नेहमीप्रमाणे हिशेब, माझे पैसे तुझ्याकडे असतात म्हणून. खर्च: तीन दिवसांचा कापलेला पगार २,५५० रुपये, कँटीनमधून साबण, पाकिटं आणि पेन १९० रुपये. एकूण २,७४०. देणं: तुझी राखीची ओवाळणी ५०१, भटूच्या नारळाचे २०० (एका नारळाचे दोनशे, हे मी त्याला समक्ष विचारणार आहे). एकूण ७०१. कंपनीचं देणं: काही पांढरे दाणे, खोली अज्ञात, आईच्या गव्हाच्या डब्यात. ते मी मॅडमना सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं, "वसूल होणार नाही."